पिवळा एकटा मिळत नाही

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे. कंबर का धरली ते पुढे येईलच.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींनी कानातलं यंत्र लावायला सुरुवात केली, की अजून ते खोक्यात ठेवून त्याचं रोज पुसणंच चाललं आहे? इकडे सगळे सुखरूप आहेत. एक आठवडा मात्र नव्हते, आणि त्याचंच हे पत्र.

माझ्यावर अन्याय झाला आहे आणि तो कुणालातरी लेखी कळवावा म्हणून बसलो आहे. अन्याय असा, की पिवळा हायलायटर एकटा विकत मिळत नाही. पाचाच्या संचात मिळतो. त्यातला पिवळा माणूस वापरतो आणि उरलेले गुलाबी, हिरवा, निळा, नारिंगी हे चौघे माणसाला वापरतात, म्हणजे खणात जागा अडवतात, फडक्यांना डाग पाडतात आणि आपल्या पश्चातही टिकून राहू अशा बेताने वागतात. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याला (हा मनुष्य खोडरबरसुद्धा सोनाराच्या तोऱ्यात काढून दाखवतो) मी सरळ विचारलं, की बाबा रे, पिवळे सुटे का देत नाहीस? तो म्हणाला, "पिवळे सुटे दिले तर बाकीचे चार कोण नेईल?" मी म्हणालो, कुणीच नेऊ नयेत. तर म्हणतो, "मग ते मी ठेवू कुठे?" त्याच्या घरातली अडचण त्याने माझ्या घरात पाठवली, आणि वर पिशवीही दिली नाही. आजमितीला माझ्या खणात चार गुलाबी, चार हिरवे, चार निळे आणि चार नारिंगी असे सोळा जण नांदत आहेत. म्हणजे मी चार संच घेतले. तीन का घेतले ते आता सांगतो. चौथ्याचं मागाहून.

तुला माहीत आहे, मी सव्वीस वर्षं विम्याच्या कचेरीत करारपत्रं वाचतो आहे. आमच्याकडे पिवळ्या रंगाचा एकच अर्थ: इथे खड्डा आहे, बघून पाय टाका. बारीक अक्षरातली जी अट विमेदाराला शेवटच्या दिवशी दगा देणार असते, ती मी पिवळी करतो आणि साहेबांकडे पाठवतो. (साहेब ती वाचत नाहीत. ते कागदाच्या डोक्यावर गुलाबी रेघ मारतात. आमच्यात गुलाबीचा अर्थ 'पाहिले' असा आहे, आणि 'पाहिले' म्हणजे वाचले नाही.) हळूहळू या पेनाची माणसाला सवयच जडते. घरी विजेचं बिल आलं तरी हात पिवळ्याकडे जातो. आमच्या इमारतीच्या अध्यक्षांनी परवा 'जिन्यात चपला ठेवू नयेत' ही सूचना लावली आणि त्यातलं 'नयेत' पिवळं केलं. लोकांनी 'नयेत' वाचलं आणि त्याच्याखाली चपला ठेवल्या. सांगायचा मुद्दा, ज्याला तेच तेच पिवळं करून दाखवायची सवय लागते, त्याला कावीळ झालेल्या माणसासारखं सगळं जग पिवळं करण्याजोगं दिसायला लागतं.

आता तुझ्या भावजयीकडे येतो. ती जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे आणि गेली बावीस वर्षं या गावाला पिण्याजोगं पाणी पाजते आहे, हे तुला माहीत आहेच. पर्यवेक्षक व्हायचं तर खात्याची परीक्षा द्यावी लागते. बारा वर्षांपूर्वी तिने ती दिली होती आणि चार गुणांनी राहिली, कारण परीक्षेच्या आदल्या दिवशी मी बल्ब बदलताना स्टुलावरून पडलो आणि ती अभ्यास सोडून माझा पाय प्लास्टरमध्ये घालून आणत बसली. (बल्ब चांगलाच होता. बटण बंद होतं.) ही परीक्षा पन्नाशीच्या आत द्यावी लागते. तिला एकोणपन्नास पूर्ण झाली. म्हणजे ही शेवटची संधी. हे ती कधी बोलून दाखवत नसे, पण सहा महिने रोज पहाटे उठून, गॅलरीत खुर्ची टाकून, ते चारशे बारा पानांचं खात्याचं पुस्तक मांडीवर घेऊन बसत असे. मला एकच काम दिलं होतं: मध्ये येऊ नका. हे काम मी सहा महिने चोख केलं.

परीक्षा गुरुवारी होती. सोमवारपासून तिने रजा टाकली होती. रविवारी तिची दिवसपाळी. मी घरी एकटा, पुस्तक टेबलावर. उघडून बघितलं तर पुस्तकाचा बहुतेक भाग पिवळा, पट्टी लावून मारलेल्या सरळ रेघा, आणि मधेच कुठे चार ओळी, कुठे अर्धं पान, कुठे आख्खं पान तसंच पांढरं सोडलेलं. मी ते पांढरं वाचून पाहिलं. क्लोरीनच्या मात्रेची गणितं, वाळूच्या गाळणीतून तासाला किती पाणी जाईल त्याचं कोष्टक, तुरटी कधी कमी आणि कधी जास्त. जे जे अवघड आणि म्हणून जे जे परीक्षेत हमखास विचारणार, ते ते सगळं बिचारीने नेमकं सोडलेलं. मी म्हटलं, हिला थकव्याने दिसलंच नाही. ताई, आयुष्यात इतकं निर्मळ प्रेम माझ्या मनात पूर्वी कधी दाटून आल्याचं स्मरत नाही. मी खाली गेलो, तीन संच आणले, आणि सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत, न जेवता, सगळे पांढरे भाग पिवळे करून टाकले. एकही जागा सोडली नाही. अनुक्रमणिकासुद्धा पिवळी केली. शेवटचं पान संपलं तेव्हा तिसरा पेन खरडत होता आणि मी स्वतःवर खूश होतो.

ती साडेपाचला आली. चप्पल काढली, हात धुतले, पुस्तक उघडलं. पान उलटलं, आणखी एक उलटलं, मग अंगठा लावून सगळीच पानं भरभर सोडली. मी स्वयंपाकघराच्या दारात, कौतुक झेलायच्या तयारीत उभा.

"हे कुणी केलं?"

"मी," म्हणालो. (हे उत्तर इतक्या अभिमानाने मी जन्मात पहिल्यांदाच दिलं.)

ती खुर्चीवर बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर मी काहीतरी उलट बोललो असतो आणि जरा बरं वाटलं असतं. तिने अगदी शांतपणे, पाण्याचा नमुना तपासल्यासारखं विचारलं, "तुमच्यात पिवळ्याचा अर्थ काय?"

मी सांगितलं, महत्त्वाचं.

"आमच्यात पिवळ्याचा अर्थ झालं," ती म्हणाली.

ताई, त्यांच्या केंद्रात सकाळच्या फेरीचा एक तक्ता असतो. त्यावर एकशे चाळीस झडपांची नावं. जी झडप बघून झाली तिच्या नावावर पिवळी रेघ ओढायची. फेरी संपत आली की तक्त्यावर जे पांढरं उरतं तेच बघायचं राहिलेलं, दुसरीकडे नजरसुद्धा टाकायची नाही. बावीस वर्षं ती हे करते आहे. पुस्तकही तिने तसंच वाचलं. जे पक्कं झालं ते पिवळं. जे येत नाही ते पांढरं. सहा महिने घासून घासून तिने चारशे बारा पानांतून साठ-सत्तर पानांइतकं पांढरं उरवलं होतं आणि तीन दिवसांच्या रजेत तेवढंच करायचं होतं. ते मी दिवसभर उपाशी राहून, प्रेमाने, कडेपर्यंत भरून पुसून टाकलं. तेवीस वर्षांच्या संसारात तिला काय आवडतं, काय खुपतं, ती डाव्या कुशीवर का झोपते, हे सगळं मी शिकलो, पण तिचा पिवळा आणि माझा पिवळा एक नाही हे विचारायचं राहून गेलं.

मी (उंटावरून शेळ्या हाकायची जुनी सवय) म्हणालो, "तुला काय येत नाही ते तुला आठवत असेलच की."

तिने माझ्याकडे बघितलं. "मला काय येत नाही हे मला आठवत असतं, तर खुणा कशाला केल्या असत्या?"

मग पुस्तक मिटून ती स्वतःशीच म्हणाली, "ताई म्हणाल्या होत्याच." काय म्हणाल्या होत्या ते विचारायची माझी छाती झाली नाही.

मग आम्ही दोघं पुस्तक घेऊन खिडकीशी गेलो. रेघांवरून ओळखावं म्हटलं, तर मीही मेलो पट्टी लावूनच बसलो होतो. (विम्याच्या कचेरीने माणसाचं वाटोळं होतं, पण नीटनेटकं होतं.) ती पान तिरकं धरून बघत राहिली आणि एकदम थांबली. "माझं पेन खात्याच्या भांडारातलं आहे. तुमचं या कोपऱ्यावरचं. कंपनी वेगळी." मी म्हटलं, पिवळा तो पिवळा. तर म्हणाली, "दिवसा. जमिनीखाली नळ कुठे गळतो ते बघायला आम्ही पाण्यात असाच रंग सोडतो आणि जांभळ्या दिव्याखाली शोधतो. तिथे दोन कंपन्यांचे रंग कधी सारखे चमकत नाहीत." म्हणजे जांभळा दिवा हवा. तो होता केंद्राच्या भांडारात, भांडाराची किल्ली होती भांडारपालाच्या खिशात, आणि भांडारपाल होता मंगळवारपर्यंत सासुरवाडीला. मी हताश होऊन बसणार तोच ती पायांत चप्पल सरकवून म्हणाली, "चला. खालच्या पार्लरमध्ये नखं वाळवायचा दिवा आहे. तोही जांभळाच असतो."

त्या पार्लरच्या पायरीवर मी अकरा वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. आत तीन खुर्च्या, तीन बायका आणि त्यातल्या एकीच्या डोक्यावर चांदीच्या कागदाच्या चाळीस-एक घड्या. मी घाईघाईत पार्लरवाल्या बाईंना म्हणालो, हायलायटरचा घोटाळा झाला आहे. बाई अनुभवी. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "गालाचा की केसांचा?" तेव्हा मला कळलं, की गालाचं हाड उठून दिसावं म्हणून लावायच्या चमकीलाही हायलायटरच म्हणतात, आणि त्या चांदीच्या घड्यांमध्ये जे शिजत होतं तेही त्याच गोत्रातलं. म्हणजे जगात सगळीकडे हेच चाललं आहे: काहीतरी उठून दिसावं म्हणून उरलेलं मागे ढकलायचं. बाई म्हणाल्या, "पण सगळ्या तोंडाला लावायचा नसतो हो. नाहीतर माणूस घामेजलेला दिसतो." इतकं साधं शहाणपण मला त्या दिवशी सकाळी दहाला कुणी सांगितलं असतं तर.

तो दिवा म्हणजे पाच बोटं आत जातील एवढ्या तोंडाची पेटी. पुस्तक आत जाईना. तेव्हा तिचा तळ काढला आणि पेटी पानावर टोपीसारखी पालथी ठेवली. आता आतलं बघायचं तर बोटं घालायच्या भोकातून, आणि ते टेबलाच्या उंचीवर. अर्थात बघायचं काम गुन्हेगाराकडे आलं. मी ओणवा झालो, डोळा लावला, बाईंनी बटण दाबलं, आणि ताई, काय सांगू. तिचा पिवळा हिरवट, थंड, तळ्याच्या तळासारखा. माझा भडक, लिंबासारखा. एका ओळीत संशय उरला नाही. दिवा साठ सेकंदांनी आपोआप विझायचा आणि किंचाळायचा, की पान उलटायचं, पुन्हा बटण. मी ओणव्यानेच पुकारत होतो: तिचं, तिचं, माझं, तिचं, माझं, माझं. आमच्या घरात मालकीची इतकी स्वच्छ वाटणी कधी झाली नव्हती. जिथे 'माझं' येईल तिथे समासात फुली मारायची होती. पेन्सिल कुणाकडे नव्हती, तर बाईंनी भुवया काढायची दिली. फुल्या मारायला चांदीच्या कागदवाल्या बाई आपण होऊन पुढे आल्या. (त्या निवृत्त मुख्याध्यापिका निघाल्या. केस शिजायला पाऊण तास लागतो आणि तेवढा वेळ कुणाला न तपासता बसायची त्यांना सवय नाही.)

खरी गंमत पुढेच झाली. मुख्याध्यापिकाबाई फुली मारायच्या आधी ओळ मोठ्याने वाचत आणि तुझ्या भावजयीला विचारत, "याचा अर्थ काय?" ती म्हणे, "तेच तर येत नाही." "येत नाही म्हणजे किती येत नाही? जेवढं येतं तेवढं सांग." तिला सांगावंच लागे. अडली की तिन्ही बायका अडत. असं करत चौथ्या प्रकरणातल्या गणिताशी गाडी रुतली. पाण्यात क्लोरीन घालायचा अमुक, मोजल्यावर सापडतो तमुक, आणि मधला कुठे गेला त्याचा हिशेब. बारा वर्षांपूर्वी ती याच गणिताला अडखळली होती. आताही तीनदा वाचलं, तीनदा घसरली. पेटीच्या भोकाला डोळा लावून मी गप्प राहिलो, कारण मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि जगात अशा वेळी गप्प राहणारे नवरे फार थोडे आहेत हे मला माहीत आहे.

पार्लरवाल्या बाई एकीच्या केसांना रंग लावता लावता म्हणाल्या, "यात काय अवघड? रूक्ष केस पहिला रंग पिऊन टाकतात. तो गेलाच, दिसत नाही. ते पिऊन तृप्त झाले की वर जो घालाल तो दिसतो. मी नेहमी आधी पिण्यापुरता धरते, मग दिसण्यापुरता."

तुझी भावजय खुर्चीतून उठली. "पाणी घाणीपुरता क्लोरीन पितं," ती म्हणाली. "उरतो तो सापडतो. म्हणून दोन आकडे." मग तिने ते गणित भुवयांच्या पेन्सिलीने टॉवेलांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर सोडवलं, आणि लगेच पुढचं, आणि त्याच्या पुढचं. मुख्याध्यापिकाबाईंनी पुठ्ठा तपासून पैकीच्या पैकी दिले. पार्लर बंद व्हायच्या वेळेपर्यंत सव्वाशे पानं झाली. सोमवारी बाईंची सुट्टी असते, तरी त्यांनी सकाळी दार उघडलं. आणि ताई, मुख्याध्यापिकाबाईही आल्या. केसांचं काही काम नव्हतं. डबा घेऊन आल्या होत्या. शेवटची फुली मारली तेव्हा मी ओणवा होतो तो सरळ झालोच नाही, दोघींनी धरून मला घरी पोचवलं. कमरेचं कारण ते.

उरलेले दिवस ती फक्त फुल्या वाचत होती. मी पाय न वाजवता फिरत होतो. (कंबर धरल्यावर वाजवता येतही नाही.) बुधवारी एक बल्ब गेला. मी त्याच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं, आम्ही अंधारात जेवलो.

प्रश्न सातवा, वीस गुण: घातलेला क्लोरीन आणि उरलेला क्लोरीन यांतील फरक सांगून उदाहरण सोडवा.

काल केंद्राच्या फलकावर यादी लागली. मला कुबडीसारखी छत्री टेकत जावं लागलं, पण तिच्याबरोबर गेलो. सात नावांत तिचं दुसरं. फलक लावणाऱ्या कारकुनाने ते पिवळं केलं होतं. त्यांच्या पद्धतीने त्याचा अर्थ झालं, माझ्या पद्धतीने महत्त्वाचं. येताना पार्लरशी थांबून तिने आत डोकं घातलं, आणि आतून जो आरडाओरडा झाला तो तुमच्या गावापर्यंत आला नसेल तर भाऊजींचं यंत्र बदलून घ्या.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला शेक दे.

तुझा धाकटा

ता.क. पहिला: नव्या पर्यवेक्षकांचं तीन आठवड्यांचं प्रशिक्षण तुमच्या गावी आहे, एक तारखेपासून. ती तुझ्याकडे राहू का हे विचारायला लाजते आहे, आणि मी खरं म्हणजे एवढंच विचारायला बसलो होतो. खिडकीजवळची खोली दे. तिच्या पुस्तकांना मी हात लावत नाही. भाऊजींनाही सांगून ठेव.

ता.क. दुसरा: तिच्या पिशवीत सोळा पेन सापडतील. ती भेट आहे. परत पाठवू नयेत.

ता.क. तिसरा: "ताई म्हणाल्या होत्याच" याचा अर्थ मी शेवटी काल तिला विचारला. आमच्या लग्नात तू तिच्या कानात सांगितलंस म्हणे, की याच्या हाती रंगीत पेन देऊ नकोस. म्हणजे तुला ठाऊक होतं. मामांनी जहाजावरून आणलेला तो एकुलता एक पिवळा पेन, तुझं इतिहासाचं पुस्तक, परीक्षेला आठ दिवस, आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं पिवळं. शेजारच्या ढब्बूची बोटं पिवळी सापडली म्हणून त्याला सुट्टीभर आपल्या घरी बंदी झाली. बोटं पिवळी होती, कारण झाकण धरायला मी त्याला दिलं होतं. बाबांनी विचारलं तेव्हा तू माझं नाव घेतलं नाहीस, आणि पेन झाकणाशिवाय वाळून गेला. ते पुस्तक मी रंगवलं होतं. मला खरोखर वाटलं होतं, की सगळंच महत्त्वाचं आहे. (ढब्बू आता न्यायाधीश आहे. त्याला सवडीने लिहीन.)

चौथा संच त्यासाठी घेतला. पाकिटात कडेला जो टोचतो आहे तो त्यातला पिवळा, तुझ्या त्या वाळलेल्या पेनाच्या बदल्यात. झाकण घट्ट लावलं आहे. चालतो की नाही हे बघायला फक्त वरच्या 'पुस्तक मी रंगवलं होतं' मधल्या 'मी'वर एकदा फिरवला आहे.